मुंबईचे रस्ते आणि ‘शून्य मृत्यू’चं उद्दिष्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शून्य म्हणजे खरंच शून्य? की नुसती घोषणा?

स्वीडनच्या संसदेने ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यांवरच्या ‘शून्य मृत्यू’चं धोरण मंजूर केलं. लोकांनी त्याचा अर्थ ‘अपघातच होऊ द्यायचे नाहीत’ असा लावला, आणि गोंधळ तिथेच सुरू झाला. अपघात होणारच, कारण माणूस चुकतो. झोप अनावर होते, फोन वाजतो, लेकरू हात सोडून पळतं. त्या चुकीची शिक्षा मरण किंवा जन्मभराचं अपंगत्व असू नये, एवढंच ‘शून्य’ सांगतं. विमान पडलं तर ‘वैमानिकाची चूक’ म्हणून आपण फाइल बंद करत नाही. रस्त्यावर मात्र ‘चालकाचा ताबा सुटला’ असं लिहून मोकळे होतो.

ते परदेशात जमतं हो. मुंबईत कसं जमणार?

हेलसिंकीत जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षभरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. तिथली वस्ती आपल्या अंधेरी-मालाडकडच्या एखाद्या मोठ्या वॉर्डाएवढी, त्यामुळे तुलना ताणायला नको. पण तिथे अर्ध्याहून जास्त रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी.

जवळचं उदाहरण हवं असेल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बघा. ९४.५ किलोमीटरच्या या रस्त्यावर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली. मग अपघाताची एकेक जागा तपासून काम सुरू झालं : उघडे काँक्रीटचे कोपरे आणि खांब झाकणं, कठड्यांमधली भगदाडं बुजवणं, उभ्या ट्रकांवर कारवाई, रुग्णवाहिका कुठे उभ्या करायच्या याचा हिशेब. पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराच्या आत आला. चालक तेच होते, ट्रकही तेच.

खुद्द मुंबईत २०१५ मध्ये वर्षाला सहाशेहून जास्त मृत्यू होत होते. २०१९ पर्यंत तो आकडा साडेचारशेच्या आत आला. म्हणजे खाली येतो. शून्याच्या जवळ मात्र अजून फिरकलेलासुद्धा नाही.

मुंबईत गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. मग वेगाने माणसं मरतात कशी?

तुम्ही सकाळी साडेनऊचा अंधेरी उड्डाणपूल डोळ्यांसमोर आणताय. तोच पश्चिम द्रुतगती मार्ग रात्री साडेबाराला बघा. सहा-आठ पदरी मोकळा रस्ता, सरळ रेघ, पिवळे दिवे, आणि शंभरच्या आसपास जाणाऱ्या गाड्या. पूर्व द्रुतगती मार्ग, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, सगळीकडे तीच कथा. दिवसा गर्दीच वेगमर्यादा पाळायला लावते. रात्री रस्ता स्वतः सांगतो, ‘दामट!’

मरतात कोण?

प्रामुख्याने पायी चालणारे आणि दुचाकीवाले. मोटारीतली माणसं त्या मानाने कमी. टीव्हीवर चक्काचूर झालेली महागडी गाडी दिसते, त्यामुळे समज उलटा होतो.

ताशी ३० आणि ताशी ५० मध्ये एवढं काय मोठं अंतर?

हा हिशेब एकदा स्वतः करून बघा, पुन्हा कुणी पटवून द्यावं लागणार नाही.

समोर अचानक मूल आलं. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकाचाही साधारण १ सेकंद जातो. ताशी ३० ने गाडी सेकंदाला ८.३ मीटर जाते. मग ब्रेक लागतो आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटर लागतात. एकूण १३ मीटरमध्ये गाडी उभी.

आता ताशी ५०. पहिल्या सेकंदातच गाडी १३.९ मीटर गेलेली असते. म्हणजे जिथे ३० वाली गाडी उभी राहिली, तिथे ५० वाल्याचा पाय ब्रेकला अजून लागलेलाही नाही. ते मूल १३ मीटरवर असेल तर त्याला पुरत्या ५० च्या वेगाने धडक बसते. ताशी ६० ला थांबायला कोरड्यात साधारण ३६ मीटर लागतात, ओल्या डांबरावर ५० च्या पुढे. टायर घासलेले असतील तर विचारूच नका.

यापुढचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा. गाडीचा वेग ५० वरून ६५ झाला की धडकेत पादचारी मरण्याची शक्यता साडेचार पट होते. आणि रस्त्यावरचा सरासरी वेग ५ टक्क्यांनी उतरवला तर जीवघेणे अपघात सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारा दुसरा उपाय नाही.

पण वेग कमी केला तर पोहोचायला उशीर नाही का होणार?

५ किलोमीटर मोकळा रस्ता ८० ने कापला तर पावणेचार मिनिटं, ६० ने कापला तर पाच. सव्वा मिनिट वाचलं, आणि ते पुढच्या सिग्नलला उभं राहून परत केलं.

शहरात वेगमर्यादा ठरवतं कोण?

केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीत मोटारींना जास्तीत जास्त ७० आणि दुचाकींना ६० ची मुभा आहे. बाजारपेठा, शाळा आणि झोपडपट्ट्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांना ७० म्हणजे थट्टाच. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राज्याला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला ठरावीक रस्त्यावर ती खाली आणता येते. आजही सागरी किनारा मार्गावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि चढत्या-उतरत्या वळणांवर ४० अशी वेगवेगळी मर्यादा आहे. तेच शाळेसमोरच्या रस्त्याला करता येतं.

फलक लावून काम संपत नाही, हेही खरं. रस्त्याची रुंदी ८० ची आणि फलक ५० चा असेल, तर लोक रस्त्याचं ऐकतात.

कॅमेरे आणि ई-चलान पुरेसे नाहीत का?

उपयोगी आहेत, पुरेसे नाहीत. कॅमेरा कुठे आहे हे महिन्याभरात प्रत्येक टॅक्सीवाल्याला पाठ होतं. मग अलीकडे कचकन ब्रेक, पलीकडे पुन्हा पाय खाली. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून सरासरी वेग काढला तर ही चलाखी चालत नाही. दुसरी गोची वसुलीची. चलान मोबाइलवर येतं आणि तिथेच पडून राहतं. न भरलेल्या दंडाचा ढीग जसा वाढतो, तसा धाक ओसरतो.

आमच्या गल्लीत स्पीडब्रेकर टाकून द्या, प्रश्न मिटेल ना?

चांगला असेल तर मिटतो. मानकाप्रमाणे गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ ने त्यावरून गेलं तर धक्का बसत नाही, त्याहून जोरात गेलं तर बसतो. आपल्याकडे रातोरात जे उभं राहतं ते पाऊण फूट रुंद डांबराचं वरवंट्यासारखं काहीतरी असतं. त्यावर रिक्षा उडते, मागे बसलेल्या आजीच्या मणक्याला हिसका बसतो, दुचाकीवाला कडेच्या फटीतून फूटपाथला घासून निघतो. वर रंगाचे पट्टे नसले तर रात्री तो दिसतच नाही, आणि वेग कमी करायला टाकलेल्या गोष्टीवरच माणूस आपटतो. मोठ्या रस्त्यावर, बसमार्गावर किंवा वळणावर गतिरोधक मागू नका. तिथे झेब्राच फूटपाथच्या उंचीला उचलून घेणं जास्त चांगलं.

एवढे पादचारी पूल बांधले, तरी लोक दुभाजकावरून उड्या मारतात. चूक कोणाची?

पायऱ्या मोजा. पुलाखालून कंटेनर जायला किमान साडेपाच मीटर मोकळी उंची लागते, वर तुळईची जाडी. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीने चढायला चाळीस आणि उतरायला चाळीस. हातात भाजीची पिशवी, गुडघे दुखतायत, लिफ्ट असलीच तर बंद, रात्री दिवे नाहीत. समोरचा बसस्टॉप पंचवीस पावलांवर दिसतोय. तुम्ही काय कराल?

द्रुतगती मार्गावर पूल किंवा भुयारी मार्ग लागतो, तिथे इलाज नाही. पण एस. व्ही. रोड किंवा एलबीएस मार्गासारख्या रस्त्यावर जमिनीवरूनच, सिग्नलवर, सुरक्षित ओलांडता आलं पाहिजे. गाड्यांची लय तुटू नये म्हणून माणसाला दोन मजले चढवायचं, हे कामाच्या नावाने केलेलं उलटं काम आहे.

सिग्नलचा हिरवा माणूस इतक्या लवकर का पळतो?

कारण आखणीत चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. सहा पदरी रस्ता म्हणजे २१ मीटर. भागाकार केला की साडेसतरा सेकंद. काठी टेकत चालणारी व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर चालते, तिला २६ सेकंद लागतात. उरलेले नऊ सेकंद ती गाड्यांसमोर असते.

वेळ वाढवणं हा एक उपाय. दुसरा, मधे दुभाजकावर निदान दीड-दोन मीटर रुंद थांबा करणं, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. ढकलगाडी किंवा व्हीलचेअर मावेल एवढा तो हवाच. मुंबईत बऱ्याच ठिकाणी दुभाजक अर्ध्या मीटरचा असतो आणि त्यावर कुंडी.

चौक सुधारायचा म्हणजे नेमकं करतात काय?

मुंबईत वांद्र्याचा एचपी पेट्रोल पंप चौक आणि मालाडची मीठ चौकी इथे असे प्रयोग झाले. रीत साधारण अशी असते.

आधी पोलिसांच्या नोंदी. किमान तीन वर्षांच्या. इथे पहिली अडचण येते : एफआयआरमध्ये जागा ‘अमुक नाक्याजवळ, उत्तर वाहिनी’ अशी असते आणि नाका चारशे मीटरचा. अलीकडे अपघाताची नोंद जागेच्या अक्षांश-रेखांशासह ऑनलाइन होते, त्यामुळे नकाशावर ठिपका बरोबर पडू लागलाय. राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘काळा ठिपका’ ठरवायचा नियम असा : ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू.

मग जागेवर उभं राहायचं. सकाळी, संध्याकाळी आणि, हे बहुतेकजण टाळतात, रात्री अकरा ते एक. माणसं कुठून कुठे जातात त्या रेघा कागदावर काढायच्या. झेब्रा कुठे आहे हे विसरून जायचं. बसस्टॉपवरून स्टेशनच्या गल्लीकडे जी रेघ सगळ्यात जाड निघते, तिथे झेब्रा हवा असतो. असतो मात्र तीस मीटर पलीकडे, कारण तिथे सिग्नलचा खांब आधीपासून होता.

तिसरी पायरी, फालतू डांबर शोधणं. प्रत्येक मोठ्या चौकात असा भाग असतो जिथे एकही चाक जात नाही, नुसती धूळ साचते. तो पादचाऱ्यांना द्यायचा. कोपऱ्याची गोलाई कमी करायची : त्रिज्या १५ मीटरवरून ६ मीटरच्या आसपास आणली की डावीकडे वळणाऱ्या गाडीला वेग सोडावाच लागतो आणि ओलांडायचं अंतरही घटतं. मात्र बेस्टची १२ मीटरची बस वळते का, हे आधी प्रत्यक्ष बस फिरवून बघायचं. न बघता बांधलेला कोपरा पंधरा दिवसांत बसच्या मागच्या चाकाखाली चुरतो.

मग सिमेंट ओतायच्या आधी शंकू, रंग आणि पिंपं ठेवून तात्पुरती मांडणी. ती कोलमडण्याची कारणं ठरलेली आहेत. रिकामी पिंपं पहिल्या रात्री हलवली जातात, वाळू भरली तर टिकतात. मोकळ्या केलेल्या जागेत दुसऱ्या दिवशी रिक्षा स्टँड बसतो, म्हणून बसायचे ओटे किंवा कुंड्या लगेच ठेवाव्या लागतात. सिग्नलची वेळ जुनीच राहते, कारण वाहतूक चौकीला कुणी कळवलंच नाही. आणि जूनमध्ये सुरू केलं तर रंग पहिल्या सरीतच जातो. हे काम दिवाळीनंतर घ्यावं.

पक्कं बांधताना फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चालायला अडथळ्याविना किमान १.८ मीटर हवेत, उताराचं प्रमाण १:१२. गाड्या फूटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेल्या खुंटांमध्ये व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवावी लागते. त्या फटीतून बाइकही जाते, याला खुंट हा उपाय नाही. तिथे हवालदारच लागतो.

फूटपाथ फेरीवाल्यांनी अडवलेत, त्याचा अपघातांशी संबंध आहे का?

आहे. फूटपाथ अडला की माणूस रस्त्यावर उतरतो. पण फक्त फेरीवाल्याकडे बोट दाखवू नका. विजेची पेटी, पोलीस चौकी, दुकानाच्या पायऱ्या, पक्षाचा फलक, लावलेल्या दुचाकी आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांचाही वाटा मोठा. फेरीवाला निदान बाजूला सरकतो.

सी लिंकवर दुचाकींना बंदी का?

उघड्या समुद्रावरचा आडवा वारा, मोटारींचा ८० चा वेग आणि थांबायला जागा नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, सागरी किनारा मार्ग, अटल सेतू, जे. जे. उड्डाणपूल, सगळीकडे हीच बंदी आहे. रात्री चुकवून घुसणारे असतातच.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट?

हो. मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आधीपासून होतं, मुंबईत त्याची अंमलबजावणी जून २०२२ पासून सुरू झाली. दंडाबरोबर लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं. चार वर्षांखालच्या मुलासाठी चालकाला बांधणारा पट्टा, मुलाला हेल्मेट आणि जास्तीत जास्त ताशी ४० असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

हेल्मेटवर आयएसआयचा ठसा आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. घालून पट्टा आवळा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. मग डोकं पुढे करून मागच्या कडेने हेल्मेट वर ढकला. निघालं तर ते अपघातातही निघणार. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो, ते बदला. आणि कोपरात अडकवलेलं हेल्मेट फक्त कोपर वाचवतं.

पावसाळ्यात दुचाकीवाले जास्त का पडतात?

पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर होतो, तेव्हा सर्वांत जास्त घसरण. नंतर पाण्याखाली लपलेले खड्डे. शिवाय मुंबईचे खास सापळे : मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यांच्या कडा, गुळगुळीत झालेली मॅनहोलची झाकणं, आणि काँक्रीट व डांबर जिथे भेटतात तिथली दोन-तीन इंचांची लांबलचक पायरी. ही पायरी तिरकी ओलांडली की पुढचं चाक तिच्या कडेने घसरत जातं. जमेल तितकी काटकोनात ओलांडावी. वळणावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

खड्ड्याची तक्रार १९१६ वर किंवा पालिकेच्या ‘पॉटहोल क्विकफिक्स’ ॲपवर फोटोसह करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणून पडल्याजागेचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजलेला असतो, इतर वेळी महिनाभर न बुजणारा.

‘गंभीर जखमी’ कुणाला म्हणतात?

हाड मोडलं, दृष्टी किंवा श्रवणशक्ती कायमची गेली, अवयव निकामी झाला, किंवा १५ दिवस तीव्र वेदना होत राहिल्या वा नेहमीचे व्यवहार जमले नाहीत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ती गंभीर दुखापत. अपघातानंतर ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो रस्त्यावरचा मृत्यू म्हणून धरतात. मृत्यू कागदावर येतोच. गंभीर जखमींचं तसं नाही : डिलिव्हरी करणारा मुलगा पाय मोडून थेट दवाखान्यात जातो, पोलिसांकडे जातच नाही. म्हणून जखमींचा पोलिसी आकडा नेहमी कमीच समजावा.

अपघात डोळ्यांसमोर झाला. मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल का?

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ए आणि २०२० चे नियम मदत करणाऱ्याला संरक्षण देतात. नाव सांगायची सक्ती नाही, रुग्णालय तुम्हाला अडवू शकत नाही की पैसे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ते तुमच्या मर्जीवर.

११२ किंवा १०८ लावा. जागा सांगताना खांबाचा क्रमांक, वाहिनी आणि जवळचा उतार सांगा. ‘हायवेवर, पुलाजवळ’ एवढ्यावर रुग्णवाहिका दुसऱ्या बाजूला पोहोचते आणि यू-टर्नला दहा मिनिटं जातात. मागून येणाऱ्या गाड्यांना इशारा द्यायला एकाला तीसेक मीटर मागे, कडेला उभं करा. मान वाकवू नका, पाणी पाजू नका, हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, एकाने मान धरून, हळूच काढा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका.

उपचाराचे पैसे कोण देणार?

मे २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयात रोख न भरता मिळतात. गाडी पळून गेली असेल तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो, हे अनेकांना सातव्या महिन्यात कळतं.

आमच्या नाक्यावर सारखे अपघात होतात. कुठे जायचं?

आधी रस्ता कुणाचा ते शोधा. बहुतेक रस्ते पालिकेचे, नोव्हेंबर २०२२ पासून दोन्ही द्रुतगती मार्गही. सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाचा, मेट्रोचं काम चालू असलेला पट्टा बहुधा एमएमआरडीएच्या (महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) ताब्यात. चुकीच्या दारात दिलेला अर्ज तीन महिने फिरत राहतो.

अर्जाची एक प्रत वॉर्ड ऑफिसच्या रस्ते विभागाला, एक वाहतूक पोलिसांच्या विभागीय चौकीला. ‘रस्ता धोकादायक आहे’ असं लिहू नका. ‘शाळेच्या फाटकासमोर झेब्रा पुसला आहे, रात्री खांब क्रमांक अमुकचा दिवा बंद, संध्याकाळी सहा ते सातमध्ये ओलांडणारे इतके लोक’ असं लिहा, मोजणी तीन दिवसांची जोडा, फोटो जोडा. पोचपावतीचा क्रमांक घ्या. महिन्याभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांत तीन गोष्टी विचारा : त्या जागेवरचे तीन वर्षांतले अपघात, शेवटची सुरक्षा तपासणी कधी झाली, आणि अर्जावर काय शेरा मारला. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रस्त्याच्या सदोष आखणी-बांधणीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ए प्रमाणे जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे वाक्य अर्जाच्या शेवटी घालायला विसरू नका.